आतली सपाटी

मराठी समीक्षेत 'सपाट' हा निंदेचा शब्द आहे. कथा सपाट झाली, निवेदन सपाट आहे, व्यक्तिरेखा सपाट उतरल्या आहेत, असे एकदा लिहिले की पुढे फारसे काही सिद्ध करावे लागत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली कादंबरीवर व्याख्याने दिली आणि त्यांत व्यक्तिरेखांची सपाट व गोलाकार अशी विभागणी केली. आम्ही मराठीचे अध्यापक ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. सपाट व्यक्तिरेखांचे काही फायदेही फॉर्स्टर यांनी सांगितले होते, ते मात्र शिकवताना बहुधा गळतात. मीही अनेक वर्षे हा शब्द उत्तरपत्रिकांच्या समासात आणि पुस्तक-परीक्षणांत असाच, फारसा विचार न करता वापरला. वास्तविक मला तसे करण्याचा अधिकार इतरांपेक्षा कमी होता, कारण ज्या घरात मी वाढलो तेथे 'सपाट' यापेक्षा मोठा स्तुतीचा शब्द नव्हता.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्री होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. दहा फुटी लेथ, एक शेपर, एक ड्रिल, कोपऱ्यात ग्राइंडर आणि दाराबाहेर वेल्डिंगचा संच, एवढे त्यांचे दुकान. कोल्हापुरात कारखान्याला दुकान म्हणायची पद्धत आहे. उद्यमनगरातल्या गल्ल्यांनी ऑइल इंजिने घडवली, ओतकामाचे सुटे भाग देशभर पाठवले. पण या मोठ्या इतिहासाच्या पोटात एक लहान इतिहास आहे, तो दुरुस्तीचा. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांचे, गुऱ्हाळांचे, पंपांचे जे भाग झिजत, ते उन्हाळ्यात आमच्यासारख्या दुकानांच्या दारात येऊन पडत. आण्णांनी आयुष्यात नवी वस्तू फारशी घडवली नाही. झिजलेल्या वस्तूंना त्यांचे मूळ माप परत देणे हा त्यांचा व्यवसाय होता.

नवा भाग करणाऱ्याच्या हातात आराखडा असतो. दुरुस्ती करणाऱ्याकडे तो बहुतेक वेळा नसतो. त्याच्यासमोर फक्त झीज असते. आण्णा आलेला भाग आधी रॉकेलने धुऊन घेत आणि मग कितीतरी वेळ नुसता निरखत. त्यांची नजर झिजलेल्या जागेवर नसे, न झिजलेल्या जागेवर असे. भोकाच्या तोंडाशी वाटीएवढा खड्डा पडला असला तरी जेथे पिन कधी टेकलीच नाही अशी एखादी करंगळीच्या नखाएवढी कड शिल्लक राहते. मूळ यंत्रकाराने केलेले काम तेवढ्याच जागी उरलेले असते. तेथून माप धरायचे आणि गेलेले सारे त्याच्या आधाराने उभे करायचे. पुढे पाठचिकित्सा शिकताना, भ्रष्ट हस्तलिखितांवरून मूळ पाठ कसा अनुमानावा हे ऐकताना, मला यात नवे काही वाटले नाही याचे कारण हे असावे.

या कामात सर्वांत अवघड असते ती आतली सपाट बाजू. बाहेरची सपाट बाजू करणे फारसे कठीण नाही. भाग शेपरवर बांधावा, हत्यार मागेपुढे फिरते, डोळ्यांसमोर धातूचा कीस निघतो, पट्टी लावून उजेड बघता येतो. पण यंत्रांत कित्येक सपाट पृष्ठे अशी असतात की ती एकमेकांकडे तोंड करून, मध्ये थोडीशी जागा ठेवून आत दडलेली असतात. समजा एका जाड पोलादी ठोकळ्याला दोन कान आहेत. दोन्ही कानांतून आरपार एक भोक आहे, त्यात पिन बसते आणि कानांच्या मध्ये दुसऱ्या भागाचे टोक येऊन त्या पिनेवर हलते. आता हे टोक डावीकडे-उजवीकडे रेटले गेले की कानांच्या आतल्या बाजूंवर घासते. तेथे वॉशर असतात, ग्रीस असते. पण धूळ आणि चिखल आत गेला की तेच ग्रीस कानशीसारखे काम करू लागते. भोक लंबगोल होते, आतल्या बाजूंवर गोल घळ पडते. बाहेरून पाहावे तर भाग धडधाकट दिसतो.

ही जागा दुरुस्त करताना प्रथम तेथे वेल्डिंगने भर घालावी लागते. दोन कानांच्या मध्ये हात घालून, आरशात बघत, एकेक ओळ चढवत जायचे. जाड पोलाद थंड असताना भर घातली तर तडा जातो, म्हणून आधी ते तापवून घ्यायचे आणि काम झाल्यावर राखेत किंवा चुनखडीत सावकाश निवू द्यायचे. मग प्रश्न उरतो तो ही ओबडधोबड भर कापून सपाट कशी करायची हा. शेपरचे हत्यार तेथे पोचत नाही. ग्राइंडरचे चाक मावत नाही. कानस लावावी तर तिच्या मागेपुढे होण्यालाच जागा नसते.

जुन्या मेस्त्रींनी यावर काढलेली तोड मला आजही विलक्षण वाटते. लेथच्या सॅडलवरचा वरचा भाग काढून तेथे दुरुस्तीचा ठोकळा बांधायचा. दोन्ही कानांच्या भोकांतून एक जाड बार आरपार घालून त्याचे एक टोक चकमध्ये आणि दुसरे टेलस्टॉकवर धरायचे. एरवी लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. येथे हत्यार फिरते आणि काम पुढेमागे सरकते. बारच्या मध्यावर एक आरपार खाच असते. बार भोकातून जाताना तिच्यात काही नसते, कारण पात्यासकट तो आत जाणारच नाही. बार आत गेल्यावर दोन कानांच्या मधल्या फटीतून हात घालून त्या खाचेत पाते सरकवायचे आणि पाचर ठोकून पक्के करायचे. हत्यार आधी आत जाते आणि धार त्याला आत गेल्यावर मिळते. मग बार सावकाश फिरवत ठोकळा त्या पात्यावर आणायचा. एका कानाची आतली बाजू झाली की पाते काढून उलटे बसवायचे आणि ठोकळा उलट दिशेने सरकवून दुसऱ्या कानाची आतली बाजू कापायची.

यात एक धोका आहे आणि हा लेख त्या धोक्याविषयी आहे. पात्याची धार बारशी अचूक काटकोनात असेल तर कापलेले पृष्ठ सपाट होते. ती अर्ध्या अंशानेही कलली असेल तर पृष्ठ सपाट न होता उथळ शंकू होतो. बशीसारखा, पण बशीपेक्षा कितीतरी कमी खोल. आणि या शंकूला कोणतेही बाह्य लक्षण नसते. तो सपाट पृष्ठाइतकाच चकचकीत निघतो. त्याच्यावर तशाच एककेंद्री बारीक रेषा असतात. बोट फिरवले तर तितकाच गुळगुळीत लागतो. किंबहुना पाते नीट लावलेले असेल तर शंकू फारच देखणा होतो. त्यावर वॉशर बसवला की तो फक्त बाहेरच्या कडेला टेकतो. सारा दाब त्या केसाएवढ्या वर्तुळावर येतो, ग्रीस तेथून पिळून निघून जाते आणि धातू धातूला चावू लागतो.

म्हणून ब्ल्यू. प्रशियन ब्ल्यू हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये अपघाताने सापडला आणि चित्रकारांनी तो उचलला. पुढे फिटरांनीही उचलला. तेलात घोटलेला हा गर्द निळा रंग एखाद्या खात्रीच्या सपाट पृष्ठावर अगदी पातळ लावायचा आणि ते पृष्ठ तपासायच्या जागेवर टेकवून किंचित फिरवायचे. जेथे स्पर्श झाला तेथे निळे उमटते. जेथे झाला नाही ती जागा कोरी राहते. यात मतभेदाला जागा नाही. आण्णांकडे यासाठी एक पोलादी चकती होती, मध्ये भोक असलेली, त्यांनी स्वतः स्क्रेपरने खरवडून सपाट केलेली. ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात असे आणि तिला हात लावण्यापूर्वी विचारावे लागे.

ती चकती सपाट आहे हे तरी कशावरून, असे मी एकदा विचारले होते. त्यांनी उत्तर म्हणून एक प्रयोग करून दाखवला, त्याचा इतिहास मला फार नंतर वाचनात मिळाला. इंग्लंडमधला जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रकार हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात शिकलेला. त्याने 1840 साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे खरी सपाट पृष्ठे कशी तयार करावीत याविषयी निबंध वाचला. त्यात मुख्य गोष्ट अशी की दोन पृष्ठे एकमेकांशी तंतोतंत जुळली म्हणून ती सपाट ठरत नाहीत. एक किंचित फुगीर आणि दुसरे तितकेच खोलगट असेल तरीही ती जुळतात, ब्ल्यू दोन्हींवर सगळीकडे उमटतो. तिसरे पृष्ठ लागते. पहिले दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी, तिसरे पहिल्याशी अशी आलटून पालटून तपासत, उंच जागा खरवडत गेले की खोटी जुळणी टिकू शकत नाही. फुगीर पृष्ठाला कधीतरी दुसरे फुगीर पृष्ठ भेटतेच. तिन्ही परस्परांशी जुळली तर तिन्ही सपाट. आण्णांना व्हिटवर्थ हे नाव स्क्रूच्या आट्यांमुळे माहीत होते. त्याचा निबंध त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. पण ते म्हणाले होते, "दोघांचं जमलं म्हंजे खरं असतं असं न्हाई. तिसरा लागतो."

आता जे सांगायचे ते सांगतो.

1996 सालचा मे महिना. माझी बारावीची परीक्षा संपली होती आणि मी दुकानात होतो; आठवीपासून प्रत्येक सुट्टीत असे. एका ठेकेदाराच्या खोदाई यंत्राचा सांधा दुरुस्तीला आला होता. पुढे सूप आणि मागे सोंडेसारखा हात असलेले पिवळे यंत्र. त्याचा मागचा हात ज्या ठोकळ्यावर डावी-उजवीकडे फिरतो तो ठोकळा. दोन्ही कान आतून खाल्ले गेले होते. आण्णांनी भर घातली, भोके एका रेषेत कापून घेतली, एका कानाची आतली बाजू पुरी केली. तेवढ्यात एका साखर कारखान्यातून निरोप आला आणि त्यांना तिकडे जावे लागले. ठेकेदाराला ठोकळा त्याच संध्याकाळी हवा होता. पावसाच्या आत एका शेततळ्याचे काम पुरे करायचे होते. जाताना आण्णा म्हणाले, "दुसरी बाजू तू घे. सावकाश घे. द्यायच्या आधी ब्ल्यू लावून बघ."

भोक 70 मिलिमीटरचे, आतली सपाट बाजू 140 मिलिमीटर व्यासाची. म्हणजे भोकाभोवती 35 मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची होती. मी पाते उलटे बसवले, गुण्या लावून बघितले, काप सुरू केला. भरीत एक कठीण जागा होती. तेथे पात्याची धार उडाली. पाते काढले, ग्राइंडरवर पुन्हा धार दिली, पुन्हा खाचेत घालून पाचर ठोकली. या दुसऱ्या वेळी खाच पुसायची राहिली. कीसाचा एखादा तुकडा पात्याखाली अडकला असणार, आणि पाचरीच्या ठोक्याने पाते कणभर कलले असणार. गुण्या पुन्हा लावला नाही, कारण तो त्या फटीत घालून, टॉर्च धरून, मान वाकडी करून बघणे जिकिरीचे होते आणि एकदा बघितलेच होते. शेवटचा काप मी इतका बारीक घेतला की पृष्ठ आरशासारखे निघाले.

मग मी बार काढला, कपाटातून चकती आणली, ब्ल्यू लावला आणि चकती आत टेकवून फिरवली. टॉर्च मारून पाहिले. 35 मिलिमीटरच्या पट्टीत बाहेरच्या कडेला एक निळी रेघ होती, दोऱ्याएवढी. आत सगळे कोरे.

त्याचा अर्थ मला कळला. माझ्या बाजूने सांगता येण्यासारखे एवढेच आहे की त्या वेळी साडेचार वाजले होते, ठेकेदाराचा टेम्पो दारात उभा होता, आणि बार परत घालून, पाते लावून, पुन्हा काप घ्यायचा म्हणजे तास-दीड तास गेला असता. पण वेळ हे खरे कारण नव्हते. खरे कारण असे की मला ते पृष्ठ फार आवडले होते. मी फडके घेतले आणि ती निळी रेघ पुसून टाकली. ठेकेदाराने आत वाकून पाहिले आणि तो म्हणाला, "आरसाच केलास की रं पोरा." मी हसलो.

रात्री दहाच्या सुमारास आण्णा आले. आम्ही जेवायला बसलो. काम गेले का, त्यांनी विचारले. गेले, मी म्हणालो. ते माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "त्यो रंग साबणानं जात न्हाई. रॉकेलनं पूस." त्यावर आई काहीतरी बोलली आणि विषय बदलला.

जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, तो ठोकळा परत आला. वॉशर माझ्या बाजूला चावून फुटला होता आणि त्याच्या तुकड्यांनी कान ओरबाडला होता. यंत्र चिखलात तीन दिवस बंद पडले, शेततळे अर्धे राहिले, त्यात पाणी भरले, यंत्रचालक आणि त्याचा मदतनीस बसून होते आणि बसलेल्या दिवसांचा रोज त्यांना मिळत नसे. हे सारे ठेकेदाराने दुकानाच्या दारात उभे राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितले. चालक त्याच्या मागे उभा होता. तो काहीच बोलत नव्हता.

आण्णांनी ठोकळा खाली घेतला, धुतला आणि बराच वेळ आत पाहिले. वॉशरचे ओरखडे बाहेरच्या कडेला खोल होते; भोकाजवळ मात्र माझ्या कापाच्या बारीक रेषा जशाच्या तशा होत्या, तेथे काही टेकलेच नव्हते. न झिजलेली जागा आधी बघायची त्यांची सवय येथेही चालली. त्यांनी एक पट्टी कडेवर आडवी धरली आणि भोकातून फिलर गेजचे पाते आत सारले. 20 शतांश मिलिमीटरचे पाते सहज गेले. तेवढाच तो शंकू होता. पोस्टकार्डाच्या जाडीएवढाही नाही.

मग ते मान न वळवता मला म्हणाले, "ब्ल्यू लावायचं राहिलं काय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"राहतं कधी कधी," ते म्हणाले. आणि उठून ठेकेदाराकडे वळले. "चूक आमच्याकडनं झाली." एवढेच त्यांचे वाक्य मी ऐकले. मजुरी घेतली नाही, टेम्पोचे भाडे दिले; चालकाला बाजूला घेऊन काही पैसे दिल्याचेही मी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाजू पुन्हा कापली, जेवढे जास्त कापले गेले तेवढ्या जाडीचा वॉशर केला, आणि चकती माझ्या हातात देऊन ब्ल्यू मला लावायला लावला. या वेळी पट्टी सगळी निळी झाली. मला ती फडक्याने पुसायची होती. ते म्हणाले, राहू दे, त्याला बघू दे.

त्या वर्षी मी कला शाखेला गेलो. या प्रसंगामुळे गेलो असे म्हणणे सोयीचे होईल, पण तसे नाही. मला पुस्तके आवडत होती आणि लेथपुढे दिवसभर उभे राहणे आवडत नव्हते. आण्णांनी आडकाठी केली नाही. पण शंकूने माझी पाठ सोडली नाही हेही खरे. एम.ए.च्या लघुप्रबंधात मी एकोणिसाव्या शतकातल्या एका मासिकातला उतारा दिला होता आणि खाली त्या मासिकाच्या अंकाचा हवाला दिला होता. तो अंक मी पाहिलेला नव्हता. उतारा दुसऱ्या एका समीक्षकाच्या पुस्तकातून उचललेला होता. परीक्षकांनी संदर्भांच्या नेमकेपणाचे कौतुक केले. तेही आरशासारखे पृष्ठ होते. अनेक वर्षांनी तो अंक एका ग्रंथालयात हाताशी आला तेव्हा मी तो पाहण्यापूर्वी थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिलो. उताऱ्यात दोन शब्द वेगळे निघाले आणि त्यांवर उभा केलेला माझा एक परिच्छेद कोसळला. अशा लिखाणात बाहेरची कड टेकलेली असते, म्हणून ते वाचताना भक्कम वाटते. आत काही टेकले आहे की नाही हे वाचकाला कळायचा मार्ग नसतो, आणि ज्याला कळू शकते त्याच्या हातात फडके असते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत असे शंकू मला दिसतात तेव्हा मी फार जोराने ओरडू शकत नाही.

आण्णा 2018 साली गेले. पुढच्या वर्षी मी दुकान रिकामे करायला घेतले. लेथ घेणारा तरुण कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत हेच काम करतो, पण त्याच्याकडे उचलून नेता येणारे बोरिंग यंत्र आहे. तो ते गाडीत घालून जेथे खोदाई यंत्र उभे आहे तेथेच जातो, बार सांध्यातच बसवतो, भोकाच्या आत फिरत फिरत भर घालणारे वेल्डिंगही त्याच्याकडे आहे. आतल्या सपाट बाजूसाठी त्याच्या बारवर एक डोके बसते. त्यात लहानसे हत्यार दर फेऱ्याला थोडे थोडे बाहेर सरकते आणि पट्टी आतून बाहेर कापत नेते. रुंद पाते, पाचर, थरथर, यांतले काही उरलेले नाही. मी त्याला विचारले की मग ब्ल्यूची गरज राहिली नसेल. तो म्हणाला, "सर, ते हत्यार ज्या वाटेवरनं सरकतं ती वाट बारला काटकोनात नसली तर शंकूच निघतो. ब्ल्यू लावावाच लागतो." चकती मी त्याला दिली. त्याने ती हातात घेऊन उजेडात तिरकी धरली, स्क्रेपरच्या खुणा पाहिल्या आणि विचारले, "हाताने केली?"

कपाटाच्या मागे ब्ल्यूची डबी सापडली. झाकण घट्ट बसले होते, ते उघडताना रंग बोटांना लागला. साबणाने धुतला, गेला नाही; नखांच्या कडांत बसला. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, शाई सांडली का?" मी हो म्हणालो आणि लिहिता लिहिता थांबलो.

तेवीस वर्षे मी असे समजत होतो की आण्णांना काहीच कळले नव्हते. मुलगा ब्ल्यू लावायला विसरला, एवढेच त्यांना वाटले असेल, असे मी धरून चाललो होतो. पण त्या रात्री जेवताना माझी नखे निळी होती. तो रंग साबणाने जात नाही हे त्यांनीच मला सांगितले होते. म्हणजे ब्ल्यू लावला गेला होता हे त्यांना मे महिन्यातच ठाऊक होते. त्या रात्री त्यांनी ते पाहिले तेव्हा काम नीट तपासून गेले असे समजून ते निवांत जेवले असतील. आणि जूनमध्ये, फिलर गेजचे पाते आत सहज गेल्यावर, लावलेल्या ब्ल्यूने मला काय दाखवले असेल आणि मी त्याचे काय केले असेल हे त्यांच्या लक्षात आले नसेल असे मानणे कठीण आहे. तरीही त्यांनी विचारले ते राहिलं काय म्हणून. विसरणे ही लहान चूक आहे. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि मी ती घेतली.

त्यांनी असे करायला हवे होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्या माणसाने कामात एक शतांश मिलिमीटर कोणाला सोडला नाही, त्याने माझ्या बाबतीत एवढी मोठी फट का चालू दिली? त्यांना वाटले असेल की मी आपण होऊन सांगेन. दुसऱ्या दिवशी चकती माझ्या हातात दिली तेव्हा, किंवा नंतर कधीतरी. त्यानंतर आमच्यात बावीस वर्षे होती. आम्ही एकमेकांशी चांगले वागलो, कधी भांडलो नाही, लोक म्हणत बाप-लेकाचे छान जमते.

राहिलं नव्हतं, आण्णा. लावला होता. कडेला एक रेघ आली होती, आणि मी ती पुसली.